कानस लावलेला प्लग

माझ्या लिहायच्या टेबलावर एक जुना स्पार्क प्लग असतो. घरी येणारे विचारतात, हे काय ठेवलंय? मी म्हणतो, ही माझी कायम नोकरी. लोक हसतात. हसू देत बापडे. या अंगठ्याएवढ्या वस्तूपायी मी एका कागदावर सही केली नव्हती, आणि आज पुन्हा कुणी तो कागद पुढं सरकवला तर आजही करणार नाही.

तो कागद माफीनाम्याचा होता. त्याच टेबलावर, वीतभर अंतरावर, दुसरा कागद होता, मला नोकरीत कायम करण्याचा हुकूम. पहिल्यावर सही करायची, दुसरा उचलायचा आणि घरी जायचं, एवढंच काम. हा माणूस एवढा वेळ का लावतोय, असा प्रश्न समोर बसलेल्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सोलापूरचा, विणकराच्या घरातला. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याशी दखनी, अशा तिन्ही भाषांत भांडता येणारा. आमच्या घरात कुणी कधी नांगर हातात धरला नव्हता, पण मी शेतकीची पदविका घेतली आणि टेंभुर्णीच्या पुढं एका साखर कारखान्यात शेतकी मदतनीस म्हणून लागलो. कारखान्याचं नाव सांगत नाही. त्या नावानं तो आता उरलेलाही नाही. नोकरी हंगामी होती. तीन हंगाम नीट काढले की कायम करत. माझा तिसरा चालू होता.

मी कायम झालो की घरातला हातमाग बंद करायचा, असं अम्मानं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. वडिलांच्या गुडघ्यांनी तर आधीच संप पुकारला होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले वडील उठताना भिंतीला धरत, आणि आपण धरलं नाही असं दाखवत. शेजारीपाजारी यंत्रमागांचा खडखडाट सुरू झालेला, आणि आमचे वडील हातानं लुगडी विणत बसलेले. आधी ते मिलमध्ये साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. पुष्कळ वर्षं काढून एक दिवस सोडून आले आणि घरात माग घातला. मिल का सोडली असं विचारलं तर म्हणायचे, "तिथला धोटा माझ्या हाताचा नव्हता." धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडं धावणारी लाकडी होडी. पुढं काही विचारायची सोय नसायची.

कारखान्यात माझं काम म्हणजे गावोगावचे उसाचे फड फिरणं. कुणाचा ऊस पिकला ते बघायचं, त्याप्रमाणं तोडीची चिठ्ठी द्यायची, म्हणजे तोडणीवाल्यांची टोळी फडात जाते आणि ऊस गाड्यांत पडतो. चिठ्ठी दोन दिवस उशिरा पोचली की उभा ऊस फडातच वाळत बसतो आणि शेतकरी रस्त्यात आडवा येतो. या फिरतीसाठी कारखान्यानं चार मोटारसायकली ठेवल्या होत्या. सगळ्या दोन स्ट्रोकच्या. माझ्या वाट्याला आली ती सगळ्यांत म्हातारी.

ज्यांनी ती जात वापरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या इंजिनाला वेगळं तेल नसतं. पेट्रोलच्या टाकीतच मापानं तेल मिसळायचं. कमी पडलं तर पिस्टन आत घट्ट धरून बसतो. जास्त झालं तर ते नीट जळत नाही, आणि त्याची काजळी प्लगच्या तोंडावर बसते. ठिणगी पडायची जागाच बुजते. मग किक मारत बसा.

आमच्याकडं तेल कमी पडण्याची भीती अजिबात नव्हती. कारखान्याचे गॅरेजप्रमुख आयुष्यभर बॉयलर आणि उसाच्या चरकाबरोबर वाढलेले. चरकाच्या बेअरिंगला तेल ओतताना त्यांचा हात कधी थांबला नाही, आणि तोच हात त्यांनी आमच्या टाक्यांना लावला. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मापाच्या दीडपट तेल घालायचं, असा त्यांनी लेखी हुकूमच काढला. मी एकदा पुस्तक उघडून दाखवलं तर म्हणाले, "पुस्तक लिवणाऱ्यानं माडा तालुक्यातला फुफाटा बगितला हाय का? त्याल म्हंजी इंजनाचं जेवान. जेवाय घालताना मापं काढू न्हायीत."

त्यांच्यावर कडी केली शेतकऱ्यांनी. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, हे ज्यांच्या हाडात मुरलंय अशी ही माणसं. मी फडावर गेलो की झाडाखाली घोंगडं अंथरलं जायचं, चहा यायचा, आणि मी कपबशी तोंडाला लावतोय तोवर घरातला कुणीतरी ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा घेऊन माझ्या गाडीकडं जायचा. टाकीचं झाकण उघडून पेलाभर तेल आत. मी ओरडेपर्यंत काम झालेलं असायचं.

"आवो, नका घालू, आत तेल हाय!"

"आसूं द्या की सायेब. लांबनं आलीया गाडी, कोरडी पडली आसंल."

पाहुण्याच्या बैलाला पेंड घालतात तसं ते माझ्या गाडीला तेल घालत. त्यात माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या मायेपायी माझी गाडी दर तिसऱ्या दिवशी उसाच्या मधोमध बंद पडायची. मागून निळा धूर निघाला की ते खूश. "बगा, आता इंजन पोटभर जेवलं," म्हणायचे. अर्ध्या कोसावर ते पोटभर जेवलेलं इंजिन ढेकर देऊन थांबायचं. मी प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायचो, पाचटाच्या जाळावर भाजायचो, फुंकायचो, पुन्हा लावायचो. ऊसगाड्या माझ्या बाजूनं घुंगरं वाजवत पुढं जायच्या. गाडीवर बसलेल्या तोडणीवाल्या बायका विचारायच्या, "सायेब, बैल जोडायचं का?" त्या हसायला लागल्या की मला त्या प्लगचा असा राग यायचा की तो दूर उसात भिरकावून द्यावा.

भिरकावता येत नव्हता, कारण नवा मिळत नव्हता. स्टोअरमधून तीन महिन्यांत एक मिळायचा, तोही जुना परत केला तर. सोलापुरात दुकानदार "आला की सांगतो" म्हणायचे आणि तो यायचा नाही.

असाच एका रविवारी मी घरी गेलो आणि काळाठिक्कर पडलेला प्लग खिशातून काढून उंबऱ्यावर घासत बसलो. वडील मागावरून उठून आले. आमच्या घरातलं बोलणं तेलुगूतलं, मी ते इथं मराठीत लिहितो आहे. त्यांनी प्लग हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "यात धागा कुठून जातो?"

धागा नाही, ठिणगी जाते, असं मी म्हणालो. मधे ही काडी, आणि तिच्यावर वाकून आलेली ही पट्टी. काडीतून ठिणगी पट्टीवर उडते. मधल्या फटीत काजळी भरली की संपलं.

वडिलांनी थोडा वेळ ते तोंड न्याहाळलं. "ही पट्टी काडीच्या पार पलीकडं गेलीय," ते म्हणाले. "सगळं डोकं झाकलंय हिनं. ठिणगी छपराखाली कोंडलीय. एवढं छप्पर कशाला?"

"कंपनीनं तसंच केलंय."

त्यावर ते माझ्याकडं असे बघायला लागले की मीच ओशाळलो. आमच्या गल्लीत दुकानातून आणलेला धोटा कुणी जसाच्या तसा मागावर चढवत नाही. नव्या धोट्याचं टोक घासायचं, आपल्या हाताच्या झेपेप्रमाणं एका अंगाला जरा जास्त, मग त्याला मेण लावायचं. नाहीतर तो सूत तोडतो. प्रत्येक विणकराचा धोटा वेगळा, आणि दुसऱ्याच्या धोट्यानं कुणी विणत नाही. विकत आणलेली वस्तू अर्धीच झालेली असते, उरलेली आपण करायची, ही आमच्याकडची रीत. मी शेतकी शिकता शिकता ती विसरलो होतो.

वडिलांनी मागाजवळच्या लाकडी पेटीतून आपली बारीक कानस काढून दिली. आम्ही दोघांनी मिळून ती वाकडी पट्टी मागं कापत आणली. काडीच्या बरोबर मध्यावर येऊन ती थांबली. अर्धं डोकं झाकलेलं, अर्धं उघडं. मग पट्टीचा कापलेला काठ कानशीनं सरळ केला, कडा धारदार ठेवल्या. ठिणगीला गुळगुळीत गोल जागेपेक्षा धारदार कड लवकर सापडते, हे मला पदविकेच्या पुस्तकातून नाही, वडिलांच्या कानशीतून कळलं. शेवटी हॅक्सॉचं पातं फटीत घालून अंतर जुळवलं. पातं जरा अडत जाईल एवढी फट ठेवायची.

सोमवारी कारखान्यावर जाऊन प्लग लावला आणि किक मारली. एका किकेत गाडी चालू. मी बंद करून पुन्हा मारली. पुन्हा एकीत. उभी राहिली तरी मरत नव्हती, एका सुरात चालत होती. त्या आठवड्यात एका शेतकऱ्यानं पेला नाही, तांब्याभर तेल ओतलं. गाडीनं धूर ओकला, पण ती थांबली नाही. मी त्या तोडणीवाल्या बायकांच्या गाड्यांना मागं टाकून हॉर्न वाजवत गेलो. एवढा आनंद मला पुढं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हाही झाला नाही, खोटं कशाला बोलू.

मग बाकीच्या तिघा मदतनिसांनी आपापले प्लग आणून दिले. मी तिघांचेही कापून दिले. मोडनिंबच्या बाजारात स्वतःच्या गाड्या असलेले बागायतदार मला अडवू लागले. टेंभुर्णीच्या एका गॅरेजवाल्यानं आधी माझी टिंगल केली आणि पंधरा दिवसांनी हळूच एक प्लग पुढं केला. मला लोक प्लगवाला साहेब म्हणू लागले. हे सगळं गॅरेजप्रमुखांच्या कानावर गेल्याशिवाय कसं राहील? त्यांनी मला नमस्कार करणं तेवढं बंद केलं, आणि मीही बंद केलं.

फेब्रुवारीत माझ्या जोडीदाराची गाडी मोडनिंब आणि टेंभुर्णीच्या मधे हमरस्त्यावर बसली. जोडीदार म्हणजे माझ्याच खोलीत राहणारा दुसरा मदतनीस. त्याचाही तिसरा हंगाम, आणि घरी बिनलग्नाच्या तीन बहिणी. मी पोचलो तेव्हा तो बांधावर बसला होता. पिस्टन आत असा घट्ट धरला होता की किक खाली जाईना.

"काय झालं रे?"

त्यानं आधी आजूबाजूला बघितलं. "पंपावर नुस्तं पेट्रोल घेतलं रं," तो म्हणाला. "त्याल घातलंच न्हाय. म्हनलं, कशाला घालायचं, शेतकरी घालत्यातच की. रोज घालत्यात. आज त्या गावात कुनीच घातलं न्हाय बग."

मला हसावं का त्याला एक ठेवून द्यावी, कळेना. जगात दुसऱ्या कुठल्या माणसानं असा हिशेब केला नसता. शेतकऱ्यांच्या पाहुणचारावर त्यानं इंजिनाचं वंगण सोपवलं होतं, आणि नेमका त्या दिवशी तो जिथं गेला तिथं सगळे लग्नाला गेले होते. "कुनाला सांगू नगंस," तो म्हणाला. मी नाही सांगणार म्हणालो.

गॅरेजप्रमुखांनी इंजिन उघडलं. प्लग काढला आणि त्यांचा चेहरा उजळला असणार. मला चार दिवसांनी कारणे दाखवा नोटीस मिळाली. कारखान्याच्या मालकीचा प्लग कानस लावून निकामी केल्यामुळे इंजिन जळालं, सबब तुमच्यावर कारवाई का करू नये. शेतकी अधिकाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, दोन ओळींचा माफीनामा लिहून दे, तुझा कायमचा हुकूम तयार आहे, त्याच दिवशी हातात देतील. कारखान्याच्या मोठ्या साहेबांना फक्त कागद पाहिजे. चौकशी पुढच्या गुरुवारी ठेवली आहे.

रविवारी मी घरी गेलो आणि सगळं सांगितलं. अम्मा एका क्षणात म्हणाली, "कर सही. सहीनं काय झिजतं तुझं?" मी वडिलांकडं बघितलं. त्यांनी धोटा हातात घेतला होता. जुना झालेला तो धोटा मधून चिरला होता आणि त्यांनी त्याला सुतळी गुंडाळली होती. नवा का आणत नाही, असं मी संक्रांतीला विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, आता माग बंदच व्हायचा आहे, कशाला नवा? तोच सुतळीचा धोटा त्यांनी ताण्यातून फेकला आणि विणू लागले. मी वाट बघत उभा राहिलो. काहीतरी बोला, सही कर म्हणा, नको करू म्हणा. ते अवाक्षर बोलले नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. ज्यांनी कानस हातात दिली ते आता खाली मान घालून बसलेत, असं मनात आलं, आणि मी जेवण न करता निघून आलो.

गुरुवारी मोठ्या साहेबांच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. साहेब, शेतकी अधिकारी, गॅरेजप्रमुख, साक्षीला बोलावलेला माझा जोडीदार आणि मी. डोक्यावर पंखा गरगरत होता. टेबलावर ते दोन कागद, आणि माफीनामा उडू नये म्हणून त्याच्यावर जोडीदाराच्या इंजिनातून काढलेला पिस्टन ठेवलेला.

"तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही," साहेब म्हणाले. "प्लगला कानस लावली आणि त्यामुळं इंजिन गेलं, एवढं मान्य करा. खाली सही करा. विषय संपला."

"कानस लावली हे मान्य आहे, साहेब. न विचारता लावली, हेही मान्य. आत्ता लिहून देतो. पण इंजिन त्यानं गेलं असं मी लिहिणार नाही."

"का बरं?"

"ते खोटं आहे म्हणून."

गॅरेजप्रमुख खुर्चीत पुढं सरकले. "मंग कशानं गेलं? सांग की. आमी ऐकतुयाच."

जोडीदार आपल्या नखांकडं बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोललो नाही, आणि त्याबद्दल कुणी माझा मोठेपणा सांगायला लागलं तर मला संकोच वाटतो, कारण त्यात मोठेपणा कमी आणि हट्ट जास्त होता. शब्द दिला होता, हे खरं. पण मला प्लगचा खटला प्लगवरच जिंकायचा होता, दुसऱ्याच्या चुकीवर नाही. तो बोलेल, असंही मला कुठंतरी वाटत होतं. तो बोलला नाही. पुढं तो कायम झाला, निवृत्तही झाला. घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका मला येते. मी जातो, पंगतीत जेवतो, तो स्वतः वाढतो आणि आम्ही दोघंही पावसापाण्याचं बोलतो. मला राग होता. थोडा अजूनही आहे.

"साहेब," मी म्हणालो, "कागदावरचा तो पिस्टन जरा उचला."

साहेबांनी उचलला. पंख्याच्या वाऱ्यानं माफीनामा उडाला आणि गॅरेजप्रमुखांच्या पायाशी पडला. त्यांना तो वाकून उचलावा लागला, आणि मला ते बघून बरं वाटलं.

"त्याचा माथा बघा. प्लग माथ्यावर असतो. प्लगनं पिस्टन जाळला तर माथ्याला भोक पडतं, निदान वितळल्याची खूण तरी दिसते. माथा शाबूत आहे. चरे पडलेत ते बाजूला, चहूबाजूंनी. बाजूला प्लग नसतो, साहेब. बाजूला तेल असतं."

"त्याल दीडपट आसतंय माज्या हुकमानं!" गॅरेजप्रमुख कडाडले. "कमी पडंल कसं?"

"मी कमी पडलं म्हणालो नाही. पिस्टन काय सांगतोय ते सांगितलं. नाही पटत तर दोन गाड्या लावा. एकीत स्टोअरचा कोरा प्लग, दुसरीत माझा. तेल दोन्हींत तुमच्या मापाचं. सोलापूरला जाऊन परत यायचं. माझी गाडी वाटेत एकदा जरी बंद पडली, तर तुम्ही म्हणाल त्या कागदावर सही करतो."

"ह्यो कारखाना हाय का जत्रंतली शर्यत? लई शाना झालास व्हय रं?"

साहेबांनी पिस्टन एकदा फिरवून बघितला, खरंच बघितला, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. मग म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही." आणि तो पुन्हा माफीनाम्यावर ठेवला. "मला सही पाहिजे."

त्या क्षणी माझं डोकं शांत झालं. मनात इतकंच आलं की या खोलीत खरं काय ते कुणाला नकोच आहे. त्यांना माझ्या अक्षरात खोटं पाहिजे आहे, आणि ते एकदा दिलं की पुढं प्रत्येक हंगामात देत राहावं लागेल. मी उठलो. "सही होणार नाही," म्हणालो. कायमचा हुकूम टेबलावरच राहिला. त्यावर माझं नाव टाईप केलेलं होतं, आणि आडनावात एक चूक होती.

गाडी परत द्यायची म्हणून आवारात गेलो. गॅरेजप्रमुखांच्या देखत माझा प्लग काढला, स्टोअरचा कोरा प्लग लावला आणि माझा खिशात टाकला.

"ए, त्यो बी कारखान्याचाच हाय," ते म्हणाले.

"नोटिशीत तुम्हीच निकामी लिहिलंय की. निकामी माल भंगारात. मी भंगारातून उचलला समजा."

सगळं आवार बघत होतं म्हणून त्यांनी माझ्या गाडीला स्वतः किक मारली. पहिली, दुसरी, पाचवी. टोपी काढून पुन्हा. नवव्या किकेला ती धूर सोडत उठली आणि त्यांनी हात काढताच बसली. कुणीतरी मागून म्हणालं, "बैल जोडा." मी मागं वळून बघितलं नाही. माझं त्या वेळचं तोंड त्यांना दिसू नये एवढंच होतं, कारण मला रडू येत होतं.

ट्रंक घेऊन टेंभुर्णीपर्यंत उसाच्या गाडीवर बसून गेलो आणि तिथून एसटीनं सोलापूर. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात पाऊल टाकलं, तर ट्रंक बघूनच अम्माला सगळं कळलं. ती आत गेली आणि भांडी आदळू लागली. वडिलांनी माग थांबवला. भिंतीला धरून खड्ड्यातून उठले, या वेळी न लपवता, आणि माझ्या शेजारी उंबऱ्यावर येऊन बसले.

"सही केली नाही," मी म्हणालो. "आता बोला काय बोलायचं ते."

त्यांनी हात पुढं केला. मी प्लग दिला. त्यांनी कापलेल्या पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मिलमध्ये मी धोट्याला कानस लावली होती," ते म्हणाले. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "खात्याच्या मास्तरनं पकडलं. असाच कागद आणला. मी सही केली."

"मग?"

"मग काय. बारा वर्षं त्यांच्या धोट्यानं विणलं. रोज सूत तुटायचं. रोज गाठ मारायचो. तुझी अम्मा म्हणते, सहीनं काही झिजत नाही." त्यांनी प्लग माझ्या हातात परत ठेवला. "मी तुला कर म्हणालो असतो, तर तू माझं ऐकलं असतंस. आणि नको म्हणायला मला तोंड नव्हतं. म्हणून गप्प बसलो."

मी पाच दिवस त्यांच्यावर राग धरून बसलो होतो. पाय धरावेत असं वाटलं, पण आमच्या घरात तसलं काही करत नाहीत.

ते उठले, लाकडी पेटी उघडली आणि एक वस्तू आणून माझ्या मांडीवर ठेवली. नवा धोटा होता. दुकानदाराचा कागद अजून तसाच, दोऱ्यानं बांधलेला.

म्हणजे माग बंद होणार नव्हता. गुडघ्यांना अजून काही वर्षं तो खड्डा होताच.

"हा कधी आणलात?" मी विचारलं.

"सोमवारी."

चौकशी गुरुवारी होती. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी माझी नजर टाळली, पेटीतली बारीक कानस काढली आणि माझ्या हातात दिली.

"मला आता बारीक दिसत नाही," ते म्हणाले. "टोक जाड आहे त्याचं. घास."